जुन्या कागदांतला 'हेम्प' म्हणजे नक्की काय? भांग, गांजा, चरस आणि आपलं वऱ्हाड

मागच्या काही लेखांत आपण विषय कसा निवडायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा हे बघितलं. आज त्याच्या आधीची पायरी घेऊया, ती म्हणजे शब्द. विषय ठरला की आपण थेट कागदपत्रांवर तुटून पडतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद ज्या शब्दांत लिहिलाय, ते शब्द तेव्हा कशासाठी वापरले जायचे हे माहीत नसेल, तर पुढचं सगळं गणित चुकतं. उदाहरण म्हणून एकच शब्द घेते, 'हेम्प'.

मी हे देऊळगाव राजातून लिहितेय. इथे बाजारात अंबाडीची जुडी मिळते आणि ज्वारीच्या भाकरीसोबत अंबाडीची भाजी घरोघरी होते. या अंबाडीला इंग्रजी कागदांत 'डेक्कन हेम्प' म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. 'कॅनाबिनस' म्हणजे भांगेसारखी, कारण तिची पानं भांगेच्या पानासारखी पंजाच्या आकारात फाटलेली असतात. प्रत्यक्षात ती भेंडी आणि कापसाच्या कुळातली. दुसरं पीक ताग, म्हणजे 'सन हेम्प', क्रोटालारिया जुन्सिया. हे तूर-हरभऱ्याच्या कुळातलं. तिसरी वनस्पती खरी भांग, कॅनाबिस. तिघींचंही खोड वाकाचं, दोर वळण्याच्या उपयोगाचं, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी तिघींनाही हेम्प म्हटलं. नशेचे घटक मात्र फक्त तिसरीत आहेत.

आता समजा तुम्ही वऱ्हाडातल्या पिकांचा इतिहास लिहिताय. एखाद्या तक्त्यात 'हेम्प' खाली इतके एकर दिसले आणि तुम्ही लिहून मोकळे झालात की इथे एवढा गांजा पिकायचा. ते शेत अंबाडीचं किंवा तागाचं निघालं तर? तुमचं अख्खं प्रकरण व्हायवामध्ये पाच मिनिटांत कोसळेल. म्हणून तक्ता बघताना तो शब्द कोणत्या गटात बसवलाय हे आधी बघा. धाग्यांच्या पिकांत असेल तर बहुतेक वेळा ताग किंवा अंबाडी. अबकारी खात्याच्या कागदात असेल तर भांग-गांजा.

भांग-गांजाबद्दलचा सगळ्यात मोठा सरकारी दस्तऐवज म्हणजे इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल. मार्च १८९३ मध्ये विल्यम केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला. तो मुळात बंगालपुरता होता, पण सरकारने चौकशी साऱ्या हिंदुस्थानभर नेली. जुलै १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचं कमिशन नेमलं गेलं. त्यात तीन सदस्य हिंदी होते. ७० प्रश्नांची प्रश्नावली काढली, ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांत अहवाल आला. निष्कर्ष काय? माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदी नको, पण लागवड, विक्री आणि करावर कडक नियंत्रण हवं.

इथे बुलढाणा जिल्ह्यातल्या अभ्यासकासाठी एक उपयोगी गोष्ट. १८९३ मध्ये आपला जिल्हा मध्य प्रांतात नव्हता. वऱ्हाड १९०३ पर्यंत निजामाकडून घेतलेला वेगळा मुलूख होता, मध्य प्रांताशी तो त्यानंतर जोडला गेला. त्यामुळे कमिशनच्या खंडांत 'बेरार' हे नाव शोधा. मध्य प्रांताच्या साक्षी वाचून 'हे आपल्याकडचं' असं समजू नका. मध्य प्रांतात परवान्याची गांजा-लागवड निमाड जिल्ह्यात खांडव्याकडे होती, तर मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात. तिन्हीकडचे नियम वेगळे, कर वेगळे.

आता मूळ शब्द. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी बंगालच्या गांजावर १८९३ मध्ये अहवाल लिहिला होता. कमिशनने त्यातल्या व्याख्या पायाभूत धरल्या. भांग म्हणजे वाळलेली पानं, झाड नर असो की मादी, रानटी असो की लावलेलं. गांजा म्हणजे लागवडीतल्या मादी झाडांचे वाळलेले फुलोरे, ज्यांना मोकळेपणी बी धरू दिलेलं नाही आणि म्हणून ज्यांवर राळ चढलेली आहे. चरस म्हणजे तीच राळ, वेगळी काढलेली. म्हणजे झाड एकच, पण पान, फुलोरा आणि राळ अशा तीन गोष्टींना तीन नावं. 'भांग' हे झाडाचंही नाव आणि पानांपासून केलेल्या पेयाचंही, हा गोंधळ बोलीत आहेच. तेव्हा साक्षीदार कशाबद्दल बोलतोय हे संदर्भाने ठरवा.

गांजाच्या व्याख्येत मादी झाड आणि बी न धरणं यावर एवढा भर का? भांगेत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, पपईसारखी. नराचा पराग मादीच्या फुलावर पडला की झाडाची ताकद बी भरण्याकडे वळते. पराग पडलाच नाही तर फुलोरा वाढत राहतो आणि राळही वाढते. म्हणून बंगालात नौगाव भागात 'पोद्दार' नावाचे जाणकार शेतातून फिरून नर झाडं ओळखायचे आणि उपटून टाकायचे. आपल्या तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन चालतं. तिथे फुलातले पुंकेसर चिमट्याने काढणाऱ्या बायांना परागाचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की त्यांना ठरवलेला पराग हवा असतो, पोद्दाराला कुठलाच नको असायचा.

नर-मादी या शब्दांवरही जपून राहा. युरोपात जुने शेतकरी सडपातळ, लवकर वाळणाऱ्या झाडाला मादी म्हणायचे आणि धट्टाकट्टा, बीवाल्याला नर. शास्त्राप्रमाणे ते नेमकं उलटं आहे.

थोडं आणखी जवळून बघू. राळ कुठे तयार होते? मादी फुलाला वेढणारं एक छोटं पानासारखं आवरण असतं, त्याला सहपत्र म्हणतात. त्यावर आणि भोवतीच्या लहान पानांवर देठ असलेल्या, डोक्याशी गोळा असलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात, म्हणजे ट्रायकोम. राळ त्या गोळ्यात साठते. मोठ्या पानांवर अशा ग्रंथी कमी, म्हणून भांग सौम्य आणि गांजा तीव्र. आणि ज्याला आपण भांगेचं बी म्हणतो ते शास्त्रीय भाषेत एकबीजी फळ आहे. त्याच्या आतल्या गरात राळ नसते.

आता संयुगं. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून मिळवलेल्या पदार्थाला 'कॅनाबिनॉल' म्हटलं आणि हाच नशेचा घटक असं मानलं. पुढे कळलं की कॅनाबिनॉल हे मुख्यतः टीएचसी हवेत जुनं होऊन बनतं. खरा घटक टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शुद्ध रूपात वेगळा करून त्याची रचना दाखवली ती १९६४ मध्ये, इस्रायलच्या गाओनी आणि मेशुलम यांनी. सीबीडी हा दुसरा घटक रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये वेगळा केला होता. त्याने टीएचसीसारखी झिंग येत नाही. ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच. तिथे त्याचं आम्ल असतं आणि उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की टीएचसी होतं. चिलमीत हे आपोआप होतं. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. भांगेच्या जुन्या कृतींत दूध-तूप का असतं, हे आता लक्षात येईल. झाडाचा वास मात्र टर्पीन नावाच्या वेगळ्या संयुगांचा आहे.

हे सगळं फक्त परीक्षेपुरतं नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या आहे फुलोरा किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून नुसत्या पानाची भांग या व्याख्येत येत नाही, तिच्यावर राज्यांचे कायदे चालतात. गांजाच्या बाबतीत १ किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण आणि २० किलोंपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण मानलं जातं. व्यापारी प्रमाणाला किमान शिक्षा दहा वर्षं. मग जप्त पोत्याचं वजन करताना पानं आणि काड्या धरायच्या की नाही, हा प्रश्न कोर्टात खरोखर उभा राहतो. प्रेन यांच्या व्याख्येतला पान आणि फुलोरा हा फरक आज एखाद्याचं वय तुरुंगात जाणार की नाही, हे ठरवू शकतो.

तर तुमच्या वहीत चार रकाने आखा: कागदातला शब्द, वनस्पती, झाडाचा भाग, कागद कोणत्या खात्याचा. प्रत्येक नोंद त्यात बसवा. न बसणारी नोंद वेगळ्या पानावर काढा आणि तिच्यावरून आकडे बांधू नका. विषय हळद असो, नीळ असो की कापूस, हा तक्ता कामाला येतो. तुमच्या विषयात असा दुहेरी-तिहेरी अर्थाचा शब्द कोणता, तो आजच शोधून ठेवा. गाइडने विचारायच्या आधी तो तुमच्याकडे असायला हवा.