चवथीची पंगत आणि बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे जठर

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया, अर्थात बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया, करून घेतलेली एखादी तरी व्यक्ती आता आपल्या नात्यागोत्यात सापडते. रुग्णालयातून घरी येताना तिच्या हाती आहाराचा तक्ता दिलेला असतो. कोणत्या आठवड्यात काय प्यावे, काय खावे, किती चमचे घ्यावे हे सारे त्यात असते. चवथ मात्र त्या तक्त्यात नसते. मूळ घरी जमलेली तीस-चाळीस माणसे, केळीच्या पानावरची पंगत, आग्रहाने वाढणाऱ्या काकू-मावश्या आणि पाच घरांच्या आरत्या यांचा त्या तक्त्याशी मेळ कसा घालायचा, हे रुग्णाने स्वतःच ठरवायचे असते.

या शस्त्रक्रियेचे आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि पक्वाशय यांना वळसा घालून अन्न पुढे जाते. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने पक्वाशयाच्या परिसरात होत असल्याने ते कमी पडू लागतात. म्हणूनच या रुग्णांना जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ जन्मभर घ्यावे लागते. लोहाची व कॅल्शियमची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. सणाच्या गडबडीत दोन्ही एकदम गिळून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो, तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे.

कोणता आठवडा, कोणते अन्न

रुग्णालयागणिक थोडाफार फरक असला तरी क्रम सर्वत्र सारखाच असतो. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पारदर्शक द्रव, नंतर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत ताक, दूध, गाळलेले कढण असे द्रव पदार्थ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ वाटलेले अन्न, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ शिजवलेले, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही अगदी थोडे. पहिले काही आठवडे टाक्यांची ओळ भरून येत असते. त्या काळात घट्ट अन्न पोटात गेले की उलट्या होतात आणि टाक्यांवर नको तो ताण येतो. शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडेच झाले असतील, तर पंगतीत बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी देवासमोर बसावे, आरतीला उभे राहावे, जेवणाच्या वेळी आपली वाटी घेऊन आत बसावे. गणपतीची मूर्ती उचलणे, माटोळी बांधायला शिडीवर चढणे, पाण्याने भरलेली भांडी हलवणे ही कामेही पहिले चार ते सहा आठवडे इतरांवरच सोपवावीत.

सुट्या जोडून मिळतात म्हणून चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात शस्त्रक्रियेची तारीख घेणे सोयीचे वाटते खरे, पण आमच्या मते तो हिशेब चुकीचा आहे. ज्या आठवड्यांत घरात सर्वांत कमी माणसे आणि सर्वांत कमी पक्वान्ने असायला हवीत, नेमके तेच आठवडे सणात सापडतात.

पानावर काय आधी, काय नंतर

पंगतीचा वेग हा या रुग्णाचा पहिला शत्रू आहे. वाढपी घाईत असतात, शेजारचा माणूस दहा मिनिटांत ताकभातापर्यंत पोचतो. नव्या जठराला मात्र त्याच जेवणासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात. घास लहान हवा, तो तोंडातच पातळ होईपर्यंत चावायला हवा आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबायला हवे. ही खूण नेहमी पोटातच जाणवते असे नाही. कुणाला उचकी लागते, कुणाचे नाक वाहू लागते, कुणाला छातीच्या हाडामागे दाब जाणवतो. त्यानंतरचा एक घासही उलटून येऊ शकतो.

दुसरा प्रश्न क्रमाचा. आपल्या पंगतीची सुरुवात वरण-भाताने होते. या रुग्णाने भात बाजूला ठेवून आधी वरण घ्यावे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळवणे हे त्याचे रोजचे उद्दिष्ट असते आणि जागा मोजकी असल्यामुळे ती प्रथम प्रथिनांना द्यावी लागते. चवथीच्या दिवसांत घरात मासळी, अंडी नसतात, त्यामुळे हे गणित आणखी अवघड होते. शिजलेल्या वरणाच्या एका वाटीत साधारण ६ ते ७ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर वरण एका बैठकीत संपत नाही, हेही यात धरावे लागते. मुगागाठी ही या दृष्टीने उत्तम, कारण मोड आलेल्या मुगाच्या साली काढलेल्या असतात. ती चमच्याने चेचून खावी. खतखते चालते, पण त्यातील मक्याचे तुकडे, शेवग्याची शेंग असे तंतुमय भाग पहिले दोन-तीन महिने टाळावेत. भात आणि पोळी यांचा चिकट गोळा होऊन तो अडकल्यासारखे वाटते, म्हणून ते शेवटी, दोन-तीन चमचे किंवा चतकोर, जमले तरच. सणाच्या दिवसांतही प्रथिनांची पावडर सकाळी दुधातून घेऊन टाकली, तर पंगतीतील ताण पुष्कळ हलका होतो.

सोलकढी आणि ताक यांबाबत घरोघरी गैरसमज होतो. ती पचनाला चांगली असली तरी जेवणासोबत घ्यायची नाहीत. पाण्यालाही हाच नियम लागू आहे. जेवताना द्रव घेतल्याने इवल्याशा पिशवीची जागा अडते आणि अन्नही लवकर पुढे ढकलले जाते. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबावे. मात्र दिवसभरात घोट घोट करून दीड लिटर तरी पाणी पोटात जायलाच हवे. या रुग्णांना पहिल्या महिन्यात पुन्हा रुग्णालयात आणणारे एक नेहमीचे कारण म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे.

आता गोडाकडे वळू. नेवरी, पातोळी, मणगणे, पायस ही चवथीची खरी ओळख. बायपास झालेल्या रुग्णाने असे गोड झटपट खाल्ले की दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ येते, छातीत धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हनंतरही ते होऊ शकते, पण बायपासनंतर अधिक आढळते. त्याचाच दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी उद्भवतो. गोडामुळे इन्शुलिन एकदम वाढते आणि रक्तातील साखर उतरते. हात थरथरतात, भोवळ येते. साखर खरोखर उतरली असेल तर थोडी साखर द्यावीच लागते, मात्र पाठोपाठ दूध किंवा पनीरसारखे काही द्यावे, नाहीतर तेच चक्र पुन्हा सुरू होते. प्रसाद नाकारणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी जुनीच रीत सोयीची आहे. तीर्थाचा थेंब आणि पंचखाद्याचा कण जिभेवर ठेवला की प्रसाद घेतला जातो. नेहमीचे जेवण सुरू झाल्यानंतर जेवणाच्या शेवटी पातोळीचा एक घास बहुतेकांना सोसतो, परंतु तो आपापल्या आहारतज्ज्ञाला विचारूनच.

आरत्यांच्या फेऱ्या

पंगतीपेक्षाही मोठा धोका आरत्यांच्या फेऱ्यांत असतो, असे आमचे मत आहे. घुमटांच्या साथीने वाड्यावरची घरे घेता घेता मध्यरात्र होते आणि प्रत्येक घरी बशी पुढे येते. एका घरी नेवरी, दुसऱ्या घरी चिवडा, तिसऱ्या घरी लाडू आणि शीतपेय. लहान झालेले जठर एकदम फार अन्न घेऊ देत नाही, पण थोडे थोडे दिवसभर खाणाऱ्याला ते अडवत नाही. कुरकुरीत आणि गोड पदार्थ तोंडातच विरघळून सहज खाली उतरतात. पोट भरल्याची खूणही मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वजन वाढलेल्या अनेक रुग्णांच्या दिनक्रमात हीच सवय सापडते. त्यातून रात्री उशिरा खाऊन लगेच आडवे झाले की, विशेषतः स्लीव्हनंतर, आंबट पाणी घशाशी येते. म्हणून आरतीला निघण्यापूर्वी घरी आपले जेवण वेळेवर उरकावे आणि हातात पाण्याची बाटली ठेवावी. हातात काही तरी असले की बशी आपोआप पुढच्या माणसाकडे सरकते. फसफसणाऱ्या पेयांनी पोट फुगते, ती टाळावीत.

हरतालिकेचा निर्जळी उपवास या काळात करू नये. पहिल्या वर्षी तर निश्चितच नाही. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर भराभर उतरवावी लागते. जुनी मात्रा आणि कडक उपवास एकत्र आले तर साखर किंवा दाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. नव्या सुनेने पहिल्याच वर्षी उपवास सोडला यावर घरात कुजबुज झाली, तर ती सासूबाईंनी थांबवावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा त्यांच्या एका शब्दाला घरात अधिक वजन असते. याच नव्या सुनेला ‘गोड बातमी’ विचारणाऱ्यांसाठी एक माहिती: शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असाच वैद्यकीय सल्ला असतो.

विसर्जनानंतर मासळी येते आणि पाठोपाठ लग्नसराई. मऊ शिजवलेला इसवण किंवा लेपो हे प्रथिनांचे उत्तम साधन आहे. सुंगटे मात्र चिवट, ती उशिरा सुरू करावीत. मद्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य अतिशय वेगाने रक्तात भिनते आणि पूर्वी एका पेल्याने जे होत नसे ते अर्ध्या पेल्याने होते. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून काहींमध्ये मद्याचे व्यसन जडण्याचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले आहे. फेणीचा ‘एकच घोट’ म्हणून आग्रह करणाऱ्या मामांना हे ठाऊक नसते. त्या रात्री गाडी कुणी चालवायची, हेही आधीच ठरवावे.

सांगावे की न सांगावे

शस्त्रक्रियेची गोष्ट सर्वांना सांगण्याचे बंधन रुग्णावर नाही. तथापि घरातील एका माणसाला, शक्यतो स्वयंपाकघराचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीला, सारे ठाऊक असावे. म्हणजे पानावर काय आणि किती वाढायचे हे ती वहिनी किंवा आत्या पाहते आणि बाकीच्यांना उत्तरे देण्याची वेळ येत नाही. अन्न टाकू नये हा आपल्याकडचा संस्कार पक्का आहे, त्यामुळे पान मोठे आणि पोट लहान ही जोडी नकोच. वाटी आणि छोटी ताटली पुरे. वाढपाचे काम अंगावर घेणे हीसुद्धा नामी युक्ती आहे. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, चेहरा ओढलेला दिसतो. ‘आजारी आहेस का?’ हा प्रश्न तेव्हा ठरलेला. केस बहुधा पुन्हा येतात, त्यासाठी प्रथिने आणि लोह नियमित घ्यावे. ‘कापून घेऊन बारीक झाली, त्यात काय मोठेसे’ हा शेरा मात्र अधिक बोचतो. ज्यांनी तो मारला त्यांनी सहा आठवडे वाटलेले अन्न मोजून खाऊन पाहावे.

यजमानांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. बायपास झालेल्या रुग्णाला पोटात मुरडा येऊन असह्य कळा सुरू झाल्या, तर त्याला ओवा, हिंग किंवा सोडा देऊन झोपवू नये. बायपासनंतर पोटाच्या आत राहिलेल्या फटीत आतडे अडकू शकते, तेही शस्त्रक्रियेला अनेक वर्षे उलटून गेल्यावर. ‘जास्त खाल्ले असेल’ म्हणून घालवलेले काही तास आतडे निकामी करू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप, मिनिटाला १२० पेक्षा जलद नाडी, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे, पोटरीला सूज ही लक्षणे दिसल्यास, आणि केव्हाही काळे शौच झाल्यास, सकाळची वाट पाहू नये. सतत उलट्या होत असतील तर बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ग्लुकोजची सलाईन लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेची कल्पना डॉक्टरांना द्यावी. अंगदुखी-डोकेदुखीवर घरातील कुणाच्या तरी पर्समधली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नये. बायपासच्या जोडावर तिने व्रण पडतो. पॅरासिटामॉल चालते.

चवथीच्या दिवसांत बाह्यरुग्ण विभाग बंद असतात, गावातील औषधांची दुकानेही अर्धा वेळच उघडी असतात. गोळ्या दहा दिवसांच्या आधीच आणून ठेवाव्यात. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातील आणखी एकाच्या मोबाईलमध्ये असावा, त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि शल्यविशारदाचा क्रमांक स्पष्ट वाचता यावा. १०८ ची रुग्णवाहिका आली की तोच फोटो प्रथम दाखवावा.