दादरची बिऱ्हाडे: प्लेगपासून पुनर्विकासापर्यंत

१९२१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात भरली. त्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ५२५. हा एकच आकडा नीट वाचला तरी त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. ते कुटुंबांचे शहर नव्हते. कुटुंब मागे ठेवून आलेल्या पुरुषांचे ते शहर होते.

हे पुरुष येत कोठून? गिरण्यांत सर्वाधिक भरणा रत्नागिरीकरांचा, आणि त्यांच्या जोडीने घाटावरच्यांचा: सातारा, पुणे, कोल्हापूर. आज सांगली जिल्ह्यात असलेले कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९मध्ये झाला, त्याला सांगली हे नाव १९६०मध्ये मिळाले.) त्या दुष्काळी पट्ट्यातून मुंबईस गेलेला माणूस परळ-लालबागच्या चाळीत गावच्या दहा-वीस जणांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकी. पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि सुगीला गावी परते. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी. त्या काळी मुंबईतील सुमारे दोन-तृतीयांश माणसे एकाच खोलीच्या घरात राहत होती.

याच शहरात, परळच्या गिरण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नवरा-बायको, दोन-तीन मुले, आजी आणि शिकायला आलेला एखादा भाचा अशा बिऱ्हाडांची एक अख्खी वसाहत उभी राहिली. दादर-माटुंगा. मराठी मध्यमवर्गाचे माहेरघर म्हणून तिचे नाव आपण इतके सहज घेतो, की ती कोणीतरी आखून, कायदे करून आणि विशिष्ट माणसांसाठी घडवली, हे विसरून जातो.

आरंभ प्लेगपासून. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहरातून लाखो लोक पळाले, गिरण्या ओस पडल्या, व्यापार ठप्प झाला. सरकारला वस्तीची दाटी प्रथमच खऱ्या अर्थाने बोचली, आणि १८९८च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याचे काम ठरले: गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, मोकळ्या जागी नवी वस्ती वसवणे. पहिले काम ट्रस्टने तडफेने केले, तिसऱ्याच्या बाबतीत मात्र हात आखडता राहिला. पहिल्या वीसेक वर्षांत त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या.

उत्तरेकडच्या दादर, माटुंगा, शीव या भागांत तेव्हा भातशेती होती, नारळीच्या वाड्या होत्या, जुनी गावठाणे होती. ही जमीन ट्रस्टने संपादित केली. कसणाऱ्यांना मोबदला मिळाला तो शेतजमिनीच्या हिशेबाने; तीच जमीन आखून-रेखून प्लॉट म्हणून पट्ट्याने देताना हिशेब शहराचा झाला. ‘नियोजित वसाहत’ या शब्दाच्या पोटात पहिले विस्थापन हे आहे. वसाहतीच्या अभिमानगाथांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी वस्तीसुधारणेचे दोन मार्ग मानले होते. जुन्या वस्त्यांना थेट हात घालायचा हा एक. दुसरा वळणाचा: शहराच्या कडेला चांगली घरे उपलब्ध केली की ऐपतदार तिकडे सरकतील, त्यांनी मोकळ्या केलेल्या खोल्या खालच्या थराला मिळतील, आणि दाटी आपोआप विरळ होईल. दादर-माटुंगा या दुसऱ्या विचाराचे अपत्य. म्हणजे गरिबांच्या घराचा प्रश्न सोडवण्यासाठी मध्यमवर्गाला घर द्यायचे, असा हा तर्क होता. मध्यमवर्गाला घर मिळाले. खालच्या खोल्या मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. त्यांत नवी माणसे आधीच दाटीवाटीने शिरली होती.

पहिले महायुद्ध, महागाई आणि भांडवलाची चणचण यांमुळे बरेच प्लॉट दीर्घकाळ पडून होते. वसाहत भरली ती १९२० आणि १९३०च्या दशकांत. वाहतूक त्याआधीच पोहोचली होती. विजेची ट्राम मुंबईत १९०७मध्ये आली आणि पुढे दादरपर्यंत धावू लागली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी याच मार्गावर धावली. तरी खोदादाद सर्कलला लोक आजही ‘दादर टी.टी.’, म्हणजे ट्राम टर्मिनस, म्हणतात. दोन्ही रेल्वेमार्ग दादरला शेजारी येतात, आणि १९२५ ते १९३० या काळात लोकल गाड्या विजेवर धावू लागल्या. फोर्टातील कचेरीत कारकुनी करणाऱ्याला दादरला राहणे परवडू लागले ते या रुळांमुळे.

आता घराचाच विचार करू, कारण खरी क्रांती तेथे झाली. अशा वसाहतीत बंगले उठतील ही मूळ अपेक्षा होती. परंतु जमिनीचा दर, पट्ट्याच्या अटी आणि भाड्याचे उत्पन्न यांचा मेळ बंगल्यात बसेना. प्लॉट घेणाऱ्याने तळमजला अधिक दोन-तीन मजले चढवले आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे भाड्याने ठेवली. मंदीच्या वर्षांत बांधकामाचे साहित्य आणि मजुरी स्वस्त होती, आरसीसीचे तंत्र रुळले होते. शिवाजी पार्कभोवतीच्या गोलाकार सज्जांच्या इमारती याच काळातल्या. (मैदान १९२५मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुले झाले, १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले.)

या इमारतींत जन्मला तो ‘ब्लॉक’: स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि घराच्या आतच संडास. आज ही गोष्ट इतकी सामान्य आहे की तिच्यातील धक्का जाणवत नाही. वाड्यात संडास परसात, चाळीत मजल्याच्या टोकाला. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात, देवघरापासून दहा पावलांवर तो आणणे ही सामान्य बाब नव्हती. भुयारी गटार आणि फ्लश यांनी हे शक्य केले. तरीही अनेक जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिना दिसतो. सफाई कामगाराने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून तो होता. घर आधुनिक झाले, जात मागच्या जिन्याने येत राहिली.

वस्तीची विभागणीही जमातींनुसार झाली. ट्रस्टचे अभियंते मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने १०३ प्लॉट पारशी कुटुंबांसाठी राखले गेले. ती पारशी कॉलनी. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी. माटुंग्यात दक्षिण भारतीय कुटुंबे स्थिरावली आणि १९३२मध्ये त्यांनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज शाळा, म्हणजे आजची राजा शिवाजी विद्यालय, तर १९३७मध्ये माटुंग्याला रुईया महाविद्यालय. शाळा असणे हे घर निवडण्याचे मोठे कारण ठरे. गिरणगावातला पुरुष एकटा येई. दादरला येणारा मुलांच्या शाळेचा विचार करून येई. लोकसंख्येच्या आकड्यांमागचा फरक हा एवढाच आहे.

या दोन जगांना जोडणारे एक घर हिंदू कॉलनीतच आहे. ज्यांचे बालपण साताऱ्यात गेले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात परळच्या बीआयटी चाळीत राहत. ही चाळ ट्रस्टनेच बांधलेली. बीआयटी ही त्याचीच आद्याक्षरे. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, मुख्यतः ग्रंथसंग्रहासाठी. प्लॉटची ही वसाहतही ट्रस्टचीच. एकाच संस्थेने कामगारासाठी कोणते घर योग्य मानले आणि शिकलेल्या नोकरदारासाठी कोणते, हे एकाच माणसाच्या दोन पत्त्यांवरून कळते. रमाबाईंच्या आयुष्यातील बहुतेक संसार चाळीतला. राजगृहात त्यांना जेमतेम काही काळ लाभला; २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि घरांची मागणी एकाएकी उसळली. युद्धकाळातील भाडेनियंत्रणाला १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने व्यापक रूप दिले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच बहुतेक जुन्या घरांचे ‘प्रमाणभूत भाडे’ ठरले. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवली जाई, पुन्हा संपत आली की पुन्हा. असे अर्धशतक चालले.

दादर मराठी आणि मध्यमवर्गीय राहिले याचे श्रेय संस्कृतीला देण्याची रीत आहे. नाट्यगृहे, वाचनालये, दिवाळी अंक, क्रिकेट यांचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु शिक्षक, कारकून, प्रूफवाचक आणि उमेदवारीतला वकील हे सारे मोक्याच्या जागी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे टिकले ते गोठलेल्या भाड्यामुळे. बाजारभावाने भाडे द्यावे लागते तर या मंडळींपैकी निम्मी १९६०च्या आतच पांगली असती.

पांगापांग झालीच, मात्र निराळ्या दाराने. कायद्यात एक कलम होते: भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच्यासोबत राहत असेल, त्याच्याकडे भाडेहक्क जाईल. या एका ओळीने दादरच्या घराघरांत भावंडांचे भवितव्य ठरवले. ज्याचे नाव शेवटपर्यंत रेशनकार्डावर, जो आई-वडिलांपाशी राहिला, तो दादरकर राहिला. ज्याने लग्न करून वेगळे बिऱ्हाड थाटले, त्याचा हक्क सुटला. सासरी गेलेल्या मुलीचा तर प्रश्नच नव्हता. दोन खोल्यांत तीन भावांचे संसार मावत नसतात. एक राहिला, दोन डोंबिवली, ठाणे, बोरिवलीकडे गेले.

ते भाड्याने का राहिले नाहीत? कारण भाड्याची घरे बांधणेच थांबले होते. भाडे गोठणार हे ठाऊक असताना घरमालकीत पैसा कोण घालील? त्याची जागा मालकीच्या फ्लॅटने घेतली. सहकारी गृहनिर्माणाचा पाया १९१५मध्ये गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने घातला होता. १९६०चा सहकार कायदा आणि १९६३चा मालकी फ्लॅट कायदा यांनी तो राजमार्ग झाला. वांद्रे पूर्वेला लेखकांची ‘साहित्य सहवास’ ही अशीच सोसायटी. तेथे वाढलेल्या सचिन तेंडुलकरला क्रिकेटसाठी मात्र शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहावे लागले. दादरला नातेवाइकाचे घर असणे ही एक मिळकतच होती.

ज्याला नातेवाईक नव्हता त्याच्यासाठी पागडी. जुना भाडेकरू नव्याकडून मोठी रक्कम घेई, मालकाचा वाटा बहुधा एक-तृतीयांशाच्या आसपास. १९४७च्या कायद्याने हा गुन्हा होता. सारे शहर तो उघड्यावर करीत होते. १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अखेर पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वार्षिक ४ टक्के वाढीची सोय केली. त्याआधी, डिसेंबर १९९७मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे काळाशी विसंगत झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

या अर्धशतकात इमारतींचे काय झाले? भाड्यातून रंगसुद्धा निघेना, तेथे मालक दुरुस्ती कशी करणार? जिने टेकूंवर आले, स्लॅब गळू लागले. १९६९मध्ये राज्याने कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. पहिल्या वर्गात गणल्या गेल्या १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती. ज्या दिवशी भाडे थिजले, तोच दिवस जीर्णतेची सीमारेषा म्हणूनही निवडला गेला.

मग १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र दिले. ७० टक्के भाडेकरूंची संमती घ्यायची, प्रत्येकाला किमान २२५ चौरस फुटांचे घर मालकीने द्यायचे आणि उरलेले क्षेत्र विकासकाने बाजारात विकायचे. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर शेजारच्या गिरण्यांची धुराडी थंड झाली होती, आणि पुढे त्या जमिनींवर मनोरे चढू लागले. सातारा-सांगलीकडचे कितीतरी कामगार गावी परतले. दादरचा भाव मात्र त्याच मनोऱ्यांच्या सोबतीने चढला.

भाडेकरूचा मालक झाला. कागदावर तो श्रीमंत झाला, कधी कधी कोट्यधीश. परंतु लिफ्ट, पंप, पहारेकरी, पार्किंग यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनाला झेपेना. मूळच्या भावंडांनीही आता हिशेब मागितला. ज्या घरात भाडेहक्क होता तोवर एकाचे चालले, मालकी येताच तिघांचे वारसदार उभे राहिले. घर विकून रक्कम वाटून घेणे हा अनेकदा एकमेव मार्ग उरतो. विकत घेणारा कोण असतो हे जिन्यावरच्या पाट्यांवरून दिसते. बव्हंशी तो व्यापारी अथवा बड्या पगाराचा नोकरदार असतो.

२००१मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर पोहोचला. सकाळी डोंबिवलीहून दादरला उतरणाऱ्या गर्दीत अशीही माणसे असतात, ज्यांच्या आजोबांचे नाव अजून एखाद्या जुन्या भाडेपावतीवर आहे.