भूवस्त्र : ताग व काथ्या यांच्या मृदासंधारणातील उपयोगाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मृदासंधारणाचा विचार करताना बांधबंदिस्ती, समपातळी चर आणि वृक्षलागवड यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. त्या मानाने उतारावर अंथरल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य तंतूंच्या जाळीकडे, म्हणजेच भूवस्त्राकडे, कमी लक्ष दिले जाते. बंगालचा ताग, अर्थात ज्यूट, आणि केरळचा काथ्या हे दोन तंतू बाजारपेठेसाठी वाढले व पुढे मातीच्या रक्षणाकडे वळले. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

भूवस्त्राचे कार्य

उघड्या उतारावर पावसाचा थेंब आदळला की मातीचे कण सुटे होतात आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातात. जाळी थेंबाचा आघात झेलते, तिचे आडवे धागे प्रवाहाची गती मोडतात आणि ओलावा धरून ठेवल्याने गवताचे बी रुजते. मुळे माती धरू लागली की जाळीचे काम संपते व ती कुजून मातीत मिसळते.

तागाचा प्रवास

बंगालमधील पहिली ताग गिरणी 1855 मध्ये रिश्रा येथे सुरू झाली. स्कॉटलंडमधील डंडी आणि हुगळीचा काठ ही या उद्योगाची प्रमुख केंद्रे होती. जमिनीखाली तागाचे कापड घालण्याचे आरंभीचे प्रयोगही याच दोन ठिकाणी झाले. 1920 च्या सुमारास डंडी येथे आणि 1934 मध्ये कलकत्त्याच्या स्ट्रँड रोडवर रस्त्याच्या बांधणीत तागाचे कापड वापरण्यात आले. तथापि ताग हा प्राधान्याने पोत्यांचाच तंतू राहिला. 1947 च्या फाळणीने बहुतांश ताग उत्पादक प्रदेश पूर्व पाकिस्तानात, तर गिरण्या भारतात राहिल्या. त्यानंतर कृत्रिम धाग्यांच्या पोत्यांची स्पर्धा वाढली. ठरावीक मालासाठी तागाचे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा 1987 मध्ये करावा लागला, यावरून या संकटाची तीव्रता कळते. याच काळात तागाच्या नव्या उपयोगांचा शोध निकडीचा झाला.

काथ्याचा प्रवास

जेम्स डॅरा यांनी 1859 मध्ये अलप्पुळा येथे काथ्याचा कारखाना उभारला. पायपुसणी व चटया यांना परदेशी मागणी होती. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवणे, ती बडवणे आणि सुंभ वळणे ही कष्टाची कामे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला आली. स्वातंत्र्यानंतर 1953 च्या कायद्याने काथ्या मंडळाच्या स्थापनेचा मार्ग मोकळा झाला. काथ्यात लिग्निनचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक, तर तागात ते सुमारे 12 टक्के असते. त्यामुळे तागाची जाळी साधारणतः एक-दोन वर्षे, तर काथ्याची तीन ते पाच वर्षे टिकते. जेथे गवत लवकर रुजते तेथे ताग पुरतो. जेथे माती निकृष्ट असते तेथे काथ्या उपयुक्त ठरतो.

शासकीय स्वीकार

अभियंत्यास प्रमाणित वस्तू लागते. भारतीय मानक ब्युरोने तागाच्या भूवस्त्रासाठी 2000 च्या सुमारास, तर काथ्याच्या भूवस्त्रासाठी 2008 मध्ये मानके प्रसिद्ध केली. केरळमध्ये पुढे रोजगार हमीच्या कामांतून तलाव व ओढ्यांच्या काठांवर काथ्याची जाळी अंथरली गेली. 2020 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतील 1674 किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याचे भूवस्त्र योजण्यात आले. त्यात महाराष्ट्राचा वाटा 328 किलोमीटरचा होता. नारळ पिकवणाऱ्या व अतिवृष्टी सोसणाऱ्या कोकणाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष

पोत्याच्या व्यापारात कुजणे हा दोष होता, उतारावर तोच गुण ठरला. मात्र केवळ गुणामुळे तंतूचा स्वीकार झाला नाही. जुनी बाजारपेठ आकुंचित झाल्यावर उद्योगाने नवा उपयोग शोधला, आणि मानके व शासकीय खरेदी यांनी त्यास स्थैर्य दिले. त्यामुळे भूवस्त्राची मागणी आजही बरीचशी शासकीय निर्णयावर अवलंबून आहे. निर्णय बदलल्यास त्याची पहिली झळ सुंभ वळणाऱ्या हातांना बसेल. मातीचे रक्षण आणि त्या हातांचे वेतन हे दोन्ही प्रश्न एकत्रितपणे हाताळले तरच भूवस्त्राचा उपयोग खऱ्या अर्थाने शाश्वत ठरेल.