न्यूमोनिया : रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो, काय नाही

मुकुटबन : ताप-खोकला आला की आपण आधी "रक्त तपासून घेऊ" म्हणतो. पण न्यूमोनियाची पहिली खूण श्वासात दिसते. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठा. गडचिरोलीत बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना हे शिकवून, वेळीच औषध देऊन बालमृत्यू घटवले. तो अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

मग रक्ततपासणी कशाला?

• सीबीसी : पांढऱ्या पेशी खूप वाढल्या तर जंतुसंसर्गाची शंका बळावते.
• सीआरपी : औषधानंतर आकडा उतरतो का, यावरून गुण येतोय का ते कळते.
• युरिया : मोठ्या माणसांत, विशेषतः म्हाताऱ्यांत, आजार किती गंभीर आणि भरती करायचे का, हे ठरवायला मदत होते.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जाते, ओठ निळे पडतात, बाळ दूध पीत नाही? रिपोर्टची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.