फाटकावरचे ‘सर्व’

व्हिएन्नाच्या आउगार्टन बागेच्या फाटकावर 1775 सालचा एक लेख आहे. ही जागा ‘सर्व माणसांच्या’ विरंगुळ्यासाठी आहे, असा त्याचा अर्थ. सम्राट योसेफ दुसरा याने आपली शाही बाग लोकांना खुली केली, तेव्हाचा हा लेख. त्याआधी 1766 मध्ये त्याने प्राटर हे राजघराण्याचं शिकारीचं रानही खुलं केलं होतं.

उमरावांना हे रुचलं नाही. एकाने म्हणे तक्रार केली की, निदान आपल्या बरोबरीच्यांतच फिरता येईल अशी एखादी जागा असू द्या. योसेफ म्हणाला, “मला बरोबरीच्यांतच फिरायचं असेल, तर कापुसिन चर्चच्या तळघरात जावं लागेल.” तिथे त्याच्या पूर्वजांच्या शवपेट्या आहेत.

1781 मध्ये बेलवेडेअर महालातली शाही चित्रंही लोकांना मोफत पाहता येऊ लागली. पॅरिसचं लूव्र खुलं व्हायला 1793 साल उजाडलं, आणि त्यासाठी राज्यक्रांती व्हावी लागली. व्हिएन्नात राजाने स्वतःच दार उघडलं. 1918 नंतर राजाही गेला, प्रजासत्ताक आलं. आता या बागा आणि महाल खरोखरच सर्वांचे झाले, असं कुणालाही वाटलं असतं.

मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. होफबुर्ग राजवाड्याच्या सज्जातून त्याने भाषण केलं, तेव्हा समोरचा चौक माणसांनी फुलून गेला होता. त्याच वर्षी ज्यूंना शहरातल्या बागांमध्ये जायला बंदी झाली. आउगार्टन ज्या लेओपोल्डश्टाट भागात आहे, तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. घराजवळची बाग मुलांना एका दिवसात परकी झाली. ‘सर्व माणसं’ कोण, हे आता दुसरंच कुणी ठरवत होतं.

भिंतींवरच्या चित्रांचंही तेच झालं. गुस्टाफ क्लिम्टने 1907 मध्ये आडेले ब्लॉख-बाउअर या ज्यू स्त्रीचं सोनेरी चित्र पूर्ण केलं. 1938 मध्ये तिचा नवरा जीव वाचवून देशाबाहेर पळाला, मालमत्ता जप्त झाली आणि चित्र बेलवेडेअरमध्ये पोचलं. नाझी काळात ते लोकांना दाखवलं, पण तिचं नाव वगळून. युद्ध संपल्यावरही चित्र तिथेच राहिलं. आडेलेची भाची मारिया आल्टमान अमेरिकेत राहत होती. ती ऑस्ट्रियाविरुद्ध कोर्टात गेली आणि 2006 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, जिंकली. ते चित्र आज न्यूयॉर्कमध्ये आहे.

बेलवेडेअरमध्ये क्लिम्टच्या ‘चुंबन’ या चित्रासमोर फोन उंचावलेल्यांची गर्दी असते. फोटो जरूर काढा. पण तिथून आउगार्टनलाही जा. महायुद्धात विमानांवर मारा करण्यासाठी उभारलेले काँक्रीटचे दोन अवाढव्य बुरूज बागेत अजून उभे आहेत. त्यांच्या सावलीत मुलं खेळतात, म्हातारे बाकांवर बसतात. बाहेर पडताना मान वर करून फाटकावरचा तो लेख बघा. 1938 मध्येही तो तिथेच होता.