सम्प : कपाटातल्या टाकीचा इतिहास

"सम्प" म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो गिरण्यांचा किंवा रिक्षांचा. आजचा विषय तो नाही. फिशटँकच्या खाली, कपाटात लपवलेली जी दुसरी टाकी असते ना, तिचा हा इतिहास.

गेले दोन महिने मी घरच्या तीन फुटी समुद्री टँकचं डिझाईन करतोय. दुकानातले काका म्हणाले, "सम्प कशाला? वरती फिल्टर लावा, निम्म्या पैशात काम होतं." आता इंजिनियर माणसाला "कशाला" विचारलं की तो शोधायला बसतो. शोधता शोधता पोहोचलो थेट व्हिक्टोरियन लंडनमध्ये.

१८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही त्या टाकीत जगतात. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकं खातात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं, आणि मध्यमवर्गात टँक ठेवायचं वेडच पसरलं.

पण वॉरिंग्टनचा समतोल फार नाजूक होता. ऊन जास्त झालं की पाणी हिरवं. एक मासा कुठे कोपऱ्यात मेला की बाकीचे त्याच्या मागे. छोट्या टाकीत चूक पचवायला जागाच नसते. समुद्राच्या पाण्यात तर हे आणखी अवघड.

इथे आपल्या गोष्टीचा हिरो येतो. विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये समुद्री जीव आणि टाक्या विकण्याचं याचं दुकान होतं. त्याच सुमारास एडवर्ड एडवर्ड्स नावाच्या माणसाने एक वेगळीच टाकी बनवली होती. तिचा तळ मागच्या बाजूला चढत जाणारा, आणि त्या उताराच्या पाठीमागे एक बंद, अंधारा कप्पा. दोन्हीकडचं पाणी फटींमधून एकमेकांत मिसळायचं. अंधारात शेवाळ वाढत नाही, त्यामुळे पुढचं पाणी स्वच्छ राहायचं. आजच्या सम्पचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

लॉइडने ही कल्पना पकडली आणि मोठी केली. त्याचं दुकान बुडालं, पण माणूस थांबला नाही. १८६४ मध्ये हँबर्गच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यालय त्याच्या हाताखाली उभं राहिलं, आणि १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधलं. तिथे त्याने काय केलं? लोकांना दिसणाऱ्या टाक्यांमध्ये होतं त्याहून कितीतरी जास्त पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवलं. वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप ते पाणी सतत वर चढवायचे, आणि ते टाक्यांमधून वाहत वाहत गुरुत्वाकर्षणाने पुन्हा हौदात यायचं. आपल्या सोसायटीत खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवतात, अगदी तसं. फरक एवढाच की इथे तेच पाणी पुन्हा खाली येतं.

आणि आता गंमत बघा. माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया विषारी असतो, त्याचं नायट्रेट होतं ते जिवाणूंमुळे, हे श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवलं १८७७ मध्ये. ते जिवाणू विनोग्राडस्की यांनी वेगळे केले १८९० मध्ये. म्हणजे लॉइडची सिस्टीम थिअरीच्या आधीच प्रॉडक्शनमध्ये होती! भरपूर पाणी, अंधार, हवा आणि सतत प्रवाह एवढं दिलं की पाणी वर्षानुवर्षं टिकतं, हे त्याने निरीक्षणातून ओळखलं होतं.

तिकीट काढून आलेल्या माणसाला हौद दिसत नाही, काच दिसते. त्यामुळे मोह कायम काचेवर खर्च करण्याचा. १८७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला रॉयल अ‍ॅक्वेरियम नावाची भव्य इमारत उभी राहिली. नावात अ‍ॅक्वेरियम, पण टाक्या बहुतेक रिकाम्याच. शेवटी तिथे गाणीबजावणी आणि कसरतीचे खेळच चालले. आमच्या धंद्यातही फ्रंट एंड चकाचक आणि बॅक एंड रामभरोसे असे प्रोजेक्ट असतातच की. असो.

घरच्या टँकखाली हा हौद आला तो बऱ्याच उशिरा. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात लेखमाला लिहिली आणि खाली सम्प असलेला 'मिनी रीफ' तिथल्या हौशी लोकांत पसरला. जिवाणूंना जागा दिली, प्रोटीन स्किमर लावला की सम्प लहान असूनही भागतं. लॉइडचं प्रमाण उलटं झालं, तत्त्व तेच राहिलं.

आता माझं गणित. टँक ९० × ४५ सेंमी, म्हणजे एक सेंमी पाणी साधारण चार लिटर. लाइट गेली की रिटर्न पंप बंद, आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत खाली येणार. चार सेंमी धरले तर सोळा लिटर, पाइपातलं धरून वीस. सम्प ६० × ३५ सेंमीचा, म्हणजे त्यात पातळी साडेनऊ सेंमी चढणार. तेवढी जागा कायम रिकामी हवी, नाहीतर पाणी हॉलमध्ये. शिवाय रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक छोटं भोक, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही, त्यात क्षार आणि कचरा अडकतो. आणि पंपावर लिहिलेला फ्लो हा शून्य उंचीचा असतो, दीड मीटर चढवल्यावर किती उरतो ते कंपनीच्या ग्राफमध्ये बघायचं.

काकांचा सल्ला चुकीचा नाही. वरच्या फिल्टरवर मासे जगतात, पण सगळं सुरळीत चालू असेपर्यंत. सम्पचे जादा पैसे जातात ते काहीतरी बिघडेल त्या दिवसासाठी. मेलेला मासा, तापलेली दुपार, चार तासांचं लोडशेडिंग, हे सगळं पचवायला ते कपाटातलं पन्नास-एक लिटर पाणी असतं. पाहुण्यांना ते कधीच दिसणार नाही.

काच कापायला दिली आहे. दोन्ही टाक्यांची.