उकिरड्यावर टाकण्यासाठी कोणी माल घेत नाही

इ. स. १६०३. इंग्लंडमधील चँडेलर या सोनाराने लोपस नावाच्या ग्राहकाला एक खडा शंभर पौंडांना विकला, तो 'बेझोर' असल्याचे सांगून. बेझोर म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात तयार होणारा आणि विषावर उतारा मानला जाणारा खडा. शब्द मूळचा फारसी, 'पादझहर'. (याच शतकात पुढे गोव्यातील जेझुइट पाद्री कृत्रिम बेझोर बनवू लागले आणि 'गोवा स्टोन' या नावाने तो युरोपात खपला!)

लोपसचा खडा बेझोर नव्हता. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण एक्स्चेकर चेंबरने निकाल फिरवला. सोनाराने 'हा बेझोर आहे' एवढेच म्हटले होते, हमी दिली नव्हती; आपल्या मालाला चांगले तर प्रत्येकच विक्रेता म्हणतो, असा बहुमताचा युक्तिवाद. एकटे न्यायमूर्ती अँडरसन म्हणाले की, नसलेली वस्तू त्या नावाने विकणे हीच फसवणूक. आज वाचताना अँडरसनच पटतात.

तरी बहुमत अगदीच अविचारी नव्हते. त्या काळच्या बाजारात माल बहुधा समोर असे. ग्राहक तो हाताळून, पारखून घेई. 'खरेदीदाराने सावध असावे' हे सूत्र अशा बाजाराचे. पण माल समुद्रापलीकडून येणार असेल, तर पारखायचे काय?

१८१५ मध्ये नेमका हाच प्रश्न आला. टाकाऊ रेशमाची बारा पोती विकली गेली; हाती आलेला माल त्या नावानेही विकण्याजोगा नव्हता. करारात प्रतीविषयी अवाक्षर नव्हते. लॉर्ड एलेनबरो यांनी मात्र न लिहिलेली अट वाचली: माल पाहण्याची संधीच नसेल तर सावधगिरीचे सूत्र लागू होत नाही, आणि उकिरड्यावर टाकण्यासाठी कोणी माल विकत घेत नाही.

ही 'गर्भित अट' १८९३ च्या ब्रिटिश कायद्यात आली आणि तेथून भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यात. कलम १४ मालकीचे, १५ वर्णनाचे, १६ प्रतीचे, १७ नमुन्याचे. अट मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. दुय्यम हमी मोडली तर केवळ भरपाई.

गंमत अशी की, कलम १६ ची सुरुवात आजही जुन्याच सूत्राने होते: पुढील अपवाद वगळता प्रतीबाबत कोणतीही गर्भित अट नाही. आणि कलम ६२ नुसार उभयपक्षी स्पष्ट करार करून हे अपवादही बाजूला ठेवता येतात. छापील करारांतील बारीक अक्षरांचा उगम बऱ्याच अंशी तेथे आहे.